शिरेत फेस भरतात म्हणजे नेमकं काय करतात: व्हेरिकोज व्हेन्ससाठी फोम इंजेक्शन

पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या आहेत, संध्याकाळ झाली की पोटऱ्या भरून येतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडायला लागली आहे, अशी तक्रार घेऊन गेलं की आता बऱ्याचदा "फोम इंजेक्शन करून टाकू" असं सांगितलं जातं. फोम म्हणजे औषध हवेबरोबर घुसळून केलेला फेस; तो बिघडलेल्या शिरेत सोडून ती शीर आतून बंद करतात. पूर्ण भूल नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी चालत घरी. हे सगळं खरं आहे. पण "इंजेक्शन" म्हटलं की गोष्ट किरकोळ वाटते, आणि गडबड तिथेच होते. कोणत्या शिरेला हा उपचार लागू पडतो, फेस किती घट्ट हवा, पाय वर का उचलायचा, मोजे का घालायचे, या सगळ्यामागे कारण एकच आहे: औषध शिरेच्या आतल्या अस्तराला लागलं पाहिजे आणि थोडा वेळ लागून राहिलं पाहिजे. मधे रक्त आलं की काम बिघडलं. हे एकदा लक्षात आलं की डॉक्टरांना काय विचारायचं तेही आपोआप सुचतं.

आधी शीर फुगते का ते पाहू. पायातलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की खोल शिरांतलं रक्त वर ढकललं जातं, आणि ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांत दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. आपण स्वस्थ उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या मापाने साधारण ८० ते ९० मिलिमीटर दाब असतो. निरोगी पायात थोडी पावलं चालली की तो ३०च्या खाली उतरतो. झडपा गळायला लागल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. हा दिवसभर न उतरणारा दाबच शीर फुगवतो, वाकडी करतो, पायावर सूज आणतो, कातडीचा रंग बदलतो आणि सरतेशेवटी घोट्यापाशी जखम करतो.

गळती बहुतेक वेळा दिसणाऱ्या गाठींच्या वर असते. जांघेत ग्रेट सॅफेनस शीर खोल शिरेला मिळते तिथे, किंवा गुडघ्यामागे स्मॉल सॅफेनस मिळते तिथे, किंवा वरच्या आणि खोल शिरांना जोडणाऱ्या एखाद्या परफोरेटरमध्ये. पोटरीवरच्या गाठी म्हणजे त्या गळतीने भरलेली डबकी. नळ उघडा ठेवून डबकं पुसलं तर ते पुन्हा भरतंच. फक्त दिसणाऱ्या गाठींत इंजेक्शन घेतलं आणि वर्षभरात शिरा परत आल्या, अशा तक्रारींमागे बहुतेकदा हेच असतं.

म्हणून सुईच्या आधी डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठे वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, आणि तीही उभं करून. झोपवून केलेल्या तपासणीत शिरा रिकाम्या होतात, व्यास कमी भरतो आणि गळती निसटून जाते. पेशंटने वजन दुसऱ्या पायावर टाकायचं, तपासायचा पाय सैल सोडायचा. तपासणारा पोटरी दाबून सोडतो. दाबताना रक्त वर जातं. सोडल्यावर ते उलट खाली अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ वाहिलं, तर वरच्या शिरेतली झडप गळते असं धरतात. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या मुख्य खोल शिरांसाठी ही मर्यादा १ सेकंदाची आहे. रिपोर्टमध्ये नुसतं "व्हेरिकोज व्हेन्स आहेत" लिहिलेलं असेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे, कारण ते डोळ्यांनाही दिसतंच. गळती कुठून सुरू होते आणि कुठपर्यंत जाते, शिरेचा व्यास जांघेपाशी, मांडीच्या मध्यावर आणि गुडघ्यापाशी किती मिलिमीटर, कोणते परफोरेटर गळतात आणि ते टाचेपासून किती उंचीवर, खोल शिरा मोकळ्या आहेत का, त्यांत जुन्या गुठळीच्या खुणा आहेत का, एवढं तरी त्यात हवं. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. खोल शिरा जुन्या गुठळीने बंद असतील तर वरच्या फुगलेल्या शिराच रक्ताची पर्यायी वाट असू शकतात, आणि ती वाट बंद केली तर पाय आणखी सुजतो.

व्यासाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण उपचार फसण्याचं सर्वांत मोठं कारण तिथे आहे. शिरेचा ३० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. व्यास ५ मिलिमीटर असेल तर त्यात सुमारे ६ मिलिलिटर मावतं. व्यास १० मिलिमीटर असेल तर जवळपास २४ मिलिलिटर. व्यास दुप्पट, पोकळी चौपट. आता एका बैठकीत एकूण १० मिलिलिटरपेक्षा जास्त फेस देऊ नये असा युरोपीय तज्ज्ञांचा संकेत आहे. म्हणजे बारीक शीर पूर्ण भरेल आणि रुंद शीर निम्मीसुद्धा भरणार नाही. शिवाय फेस रक्ताहून हलका असल्यामुळे रुंद शिरेत तो वर तरंगतो. वरची भिंत औषधात भिजते, खालची भिंत रक्तातच राहते. काही आठवड्यांत त्याच खालच्या बाजूने रक्त पुन्हा वाट काढतं. शिरेभोवती सलाइन टोचून ती बाहेरून आवळायची आणि मग फेस सोडायचा, ही युक्ती काही जण वापरतात. तरी साधारण ६-७ मिलिमीटरपर्यंतची शीर फोमला चांगली दाद देते आणि त्यापुढे भरवसा कमी होत जातो, हे गृहीत धरून चालावं.

मग मोठ्या शिरेचं काय? सरळ, रुंद, लांब ग्रेट सॅफेनससाठी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने आतून तापवून बंद करणं जास्त टिकाऊ. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनात क्रमच असा लावला आहे: आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमण्यासारखं नसेल तर सोनोग्राफीखाली फोम, तेही जमण्यासारखं नसेल तर शस्त्रक्रिया. त्याच देशात ७९८ पेशंटवर फोम, लेझर आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणारा क्लास नावाचा अभ्यास झाला. त्याचे ५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, आणि आजाराशी संबंधित जीवनमानात लेझर व शस्त्रक्रिया फोमपेक्षा सरस ठरल्या. हे पेशंटला आधी सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे.

मात्र काही ठिकाणी फोमला तोड नाही. नागमोडी फांद्यांत लेझरचा तंतू पुढे सरकतच नाही, फेस मात्र वळणावळणाने जातो. आधी शस्त्रक्रिया होऊन परत उगवलेल्या शिरांचं जाळं, घोट्याच्या जखमेखालच्या शिरा, वय झालेलं किंवा हृदयाच्या त्रासामुळे भूल न झेपणारं माणूस, अशा वेळी फोम हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो. बऱ्याच केंद्रांत मुख्य शीर लेझरने आणि फांद्या फोमने, असं मिळून केलं जातं, आणि ते योग्यच आहे.

आता औषधाकडे वळू. वापरात प्रामुख्याने दोन औषधं आहेत: पोलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. दोन्ही डिटर्जंटच्या जातीची. साबण जसा तेलकटपणा मोडतो तशी ही शिरेच्या अस्तरातल्या पेशींचं स्निग्ध आवरण मोडतात. अस्तर गेलं की भिंतीला सूज येते, शीर आकसते, आत घट्ट गोळा धरतो आणि पुढच्या काही महिन्यांत त्या जागी तंतूंची दोरी उरते, जी शरीर हळूहळू जिरवतं. "शीर चिकटवतात" असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात गोंदासारखं काही होत नाही. शीर सुकवली जाते.

या औषधांची अडचण अशी की रक्तातली प्रथिनं त्यांना लगेच निकामी करतात. द्रवरूपात टोचलं की औषध रक्तात मिसळतं, पातळ होतं, आणि सुईपासून थोड्या अंतरावर त्याचा जोर संपतो. फेस केला की चित्र बदलतं. फेस रक्तात मिसळत नाही, त्याला पुढे ढकलून त्याची जागा घेतो. हवेच्या बुडबुड्यांभोवती औषधाचा पातळ पापुद्रा असल्याने थोड्या औषधात भिंतीचा खूप मोठा भाग भिजतो. रक्त बाजूला सारण्याची ही कल्पना १९४४ साली ऑर्बाक यांनी मांडली होती; ते औषधाच्या आधी थोडी हवा सोडत. १९९०च्या दशकात स्पेनमधले हुआन काब्रेरा यांनी बारीक बुडबुड्यांचा फेस सोनोग्राफीखाली वापरला. २०००च्या सुमारास इटलीचे लोरेन्झो टेसारी यांनी दोन सिरिंज आणि एका थ्री-वेमध्ये (तीन तोंडांच्या चावीच्या जोडणीत) फेस करण्याची रीत दाखवली. ती इतकी सोपी आणि स्वस्त होती की हा उपचार जगभर गेला. कारखान्यातच तयार होणारा पोलिडोकॅनॉलचा फेस अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झाला, पण रोजच्या कामात बहुतेक ठिकाणी टेसारींचीच रीत चालते.

ती रीत जवळून बघण्यासारखी आहे. एका सिरिंजमध्ये १ भाग औषध, दुसरीत ४ भाग हवा. समजा २ मिलिलिटर औषध आणि ८ मिलिलिटर हवा. दोन्ही थ्री-वेला काटकोनात जोडायच्या आणि दट्टे आलटून पालटून जोरात दाबत मिश्रण इकडून तिकडे २० वेळा न्यायचं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत मोठे बुडबुडे डोळ्यांना दिसतात, दहाव्यापर्यंत पांढरं दुधाळ होतं, आणि विसाव्या फेरीला दाढीच्या क्रीमसारखा एकजीव फेस तयार होतो ज्यात बुडबुडा वेगळा दिसत नाही. काही जण शेवटच्या फेऱ्यांत थ्री-वेची चावी किंचित फिरवून वाट अरुंद करतात, म्हणजे बुडबुडे आणखी बारीक होतात. मग सिरिंज उभी धरून पाहायचं. काही सेकंदांतच तळाला पारदर्शक द्रवाची बारीक रेघ जमायला लागते. हा फेस मोडत असल्याचा इशारा. दीड-दोन मिनिटांत निम्मं औषध तळाशी उतरलेलं असतं, म्हणून फेस केल्यापासून मिनिटाभराच्या आत तो शिरेत गेला पाहिजे. आधी फेस करून ठेवायचा आणि मग शीर शोधत बसायचं, ही नवख्या हातांची नेहमीची चूक. उरलेला फेस पुन्हा घुसळून वापरण्यापेक्षा ताजा करावा.

फेस किती टिकेल हे सामानावरही ठरतं. सिरिंजच्या दट्ट्याला लावलेलं सिलिकॉन फेस लवकर मोडतं, म्हणून शक्य तिथे सिलिकॉन नसलेली सिरिंज घ्यावी. औषध जितकं तीव्र तितका फेस टिकाऊ, हाही अनुभव सगळीकडचा. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड, किंवा तो ऑक्सिजनमध्ये मिसळून वापरला तर बुडबुडे रक्तात पटकन विरघळतात. पण असा फेस मोडतोही लवकर, तेव्हा हात चपळ हवा.

तीव्रता शिरेप्रमाणे ठरते. मुख्य सॅफेनस शिरेला १ ते ३ टक्के, तिच्या फुगलेल्या फांद्यांना साधारण १ टक्का, कातडीखालच्या निळ्या बारीक शिरांना अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषांना बहुतेक वेळा फेस लागतच नाही, पातळ द्रव पुरतो. तिथे तीव्र फेस मारला तर रेषा जातात आणि डाग राहतो. एका ठिकाणी एका वेळी बरेच जण २ मिलिलिटरपेक्षा जास्त फेस सोडत नाहीत. औषधाचाही हिशोब ठेवावा लागतो: पोलिडोकॅनॉलची दिवसाची मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ मिलिग्राम. ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्राम. ३ टक्क्यांच्या औषधात दर मिलिलिटरला ३० मिलिग्राम असतं, म्हणजे ४ मिलिलिटरला मर्यादा गाठली. वरच्या उदाहरणातले २ मिलिलिटर ६० मिलिग्रामचे, त्यामुळे सुरक्षित अंतर राहतं.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा. शिरा उभं असताना खुणा करून घेतात, कारण झोपल्यावर त्या दिसेनाशा होतात. मग झोपवून, पाय सपाट किंवा थोडा खाली असताना, शिरा भरलेल्या असतानाच सोनोग्राफीखाली कॅन्युला किंवा बटरफ्लाय सुई बसवतात. गडद रक्त शांतपणे मागे आलं पाहिजे. लालभडक रक्त ठोक्याठोक्याने उसळलं तर सुई धमनीत आहे, तिथे एक थेंबही सोडायचा नाही. सलाइन सोडून सुई शिरेतच आहे याची खात्री झाली की पाय ३० ते ४५ अंश उचलतात. शीर रिकामी होते, आकसते, आणि भिंत व फेस यांच्यामध्ये रक्त कमी उरतं. आधी सुई, मग पाय वर. हा क्रम उलटा केला तर रिकाम्या शिरेत सुई लागता लागत नाही.

फेस सोडला की पडद्यावर तो लख्ख पांढरा दिसतो. काळ्या पोकळीतून पांढरी रेघ वर सरकते आणि तिच्याखाली सावली पडते. डॉक्टरांची नजर तेव्हा दोन गोष्टींवर असते: पांढरं जांघेच्या जोडापर्यंत पोचलं का, आणि खोल शिरेत किती उतरलं. शीर डोळ्यांदेखत आवळताना दिसली तर अस्तराला औषध लागल्याची ती चांगली खूण आहे. प्रत्येक इंजेक्शननंतर पेशंटला पाऊल घोट्यातून वर-खाली हलवायला सांगतात. त्याने पोटरीचा पंप चालू होतो आणि खोल शिरेत उतरलेला थोडा फेस धुऊन जातो. पेशंटने हे मनापासून करावं, कारण गुठळी टाळण्याचा हा सगळ्यात साधा उपाय आहे. त्यानंतर ५ ते १० मिनिटं पाय वरच ठेवून स्वस्थ पडायचं. खोकायचं नाही, कुंथायचं नाही, झटकन उठून बसायचं नाही. पोटातला दाब वाढला की रक्त शिरेत परत येतं आणि फेस हलतो.

मोजे पाय खाली घेण्याच्या आधी चढवायचे. उभं राहून, शिरा रक्ताने भरल्यावर घातलेल्या मोज्याचा उपयोग निम्मा होतो. मोज्याचा दाब पाऱ्याच्या मापाने साधारण २३ ते ३२ मिलिमीटर, म्हणजे युरोपीय मापाने दुसऱ्या वर्गाचा. मांडी गोल आणि मऊ असल्यामुळे मोज्याचा दाब तिथे पसरतो आणि शिरेपर्यंत पुरेसा पोचत नाही. म्हणून शिरेच्या रेषेवर कापसाची गुंडाळी किंवा स्पंजची पट्टी ठेवून वरून मोजा घालतात. ही छोटीशी पट्टी विसरली जाते आणि मग मांडीतच रक्त अडकून गाठ होते. मोजे किती दिवस, यावर मतभेद आहेत. नाइसने बँडेज वा मोजे ७ दिवसांपेक्षा जास्त नकोत असं म्हटलं आहे. अनेक डॉक्टर दिवसा २-३ आठवडे सांगतात. शीर जितकी मोठी तितके जास्त दिवस, हे मला पटतं. मोजे देण्याआधी पायाच्या नाड्या तपासलेल्या हव्यात. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर ०.८ पेक्षा कमी असेल तर धमन्यांचा आजार आहे, आणि अशा पायावर घट्ट मोजा घातक ठरू शकतो.

मोजे चढवून लगेच २०-३० मिनिटं चालायचं. गाडीत बसून थेट घरी जाऊन झोपणं हे सर्वांत वाईट. रोजचं काम दुसऱ्या दिवसापासून चालतं. जड वजनं उचलणं, गरम पाण्यात बसणं, सॉना हे दोनेक आठवडे टाळावं. लांबचा विमानप्रवास काही आठवडे पुढे ढकलावा.

आता बिघडतं काय ते. बहुतेकांना होणारा त्रास म्हणजे शिरेच्या वाटेवर कडक, दुखरी दोरी लागणं. ही बंद झालेली शीर असते आणि तिने घाबरायचं कारण नाही. पण दोन ते चार आठवड्यांनी एखादी जागा लाल, ताणलेली आणि हात लावू न देणारी झाली, तर आत रक्त अडकलं आहे असं समजावं. शीर पुरती रिकामी न होता बंद झाली की असं होतं. जाडसर सुईने टोचून दाबलं की चॉकलेटी, घट्टसर, काकवीसारखं रक्त बाहेर येतं आणि दुखणं तिथल्या तिथे उतरतं. हे करून घ्यायला बरेच जण कंटाळतात, आणि मग वर्षभर तपकिरी डाग बघत बसतात. कारण अडकलेल्या रक्तातलं लोहच कातडीत उतरून तो डाग करतं. डाग बहुतेकांचे ६ ते १२ महिन्यांत फिके होतात, काहींचे राहतात. गोऱ्या-सावळ्या कुठल्याही कातडीला हे होतं, आणि दिसण्यासाठी उपचार घेणाऱ्याला हे आधी माहीत असायलाच हवं. काही वेळा टोचलेल्या भागात बारीक लाल रेषांची जाळी नव्याने उगवते. ती बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप जाते. गेली नाही तर वर गळणारी एखादी शीर राहिली आहे का ते पाहावं.

औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळून जखम होऊ शकते. टोचताना झोंबलं, आग झाली, तर गप्प राहू नये, लगेच सांगावं. धमनीत गेलं तर प्रकरण गंभीर: क्षणात असह्य वेदना आणि कातडी पांढरीफटक. घोट्याच्या आतल्या हाडामागे, गुडघ्यामागे आणि जांघेत धमनी शिरेला लागूनच असते, म्हणून या जागी सोनोग्राफीशिवाय सुई घालणं मला मान्य नाही.

फेसाचे बुडबुडे हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतात आणि फुप्फुसांत गाळले जातात. काहींना त्यामुळे थोडा वेळ खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते. साधारण दर चौथ्या माणसाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासून एक छोटी झिरपणारी फट राहिलेली असते. तिच्यातून बुडबुडे डावीकडे जाऊ शकतात. डोळ्यांपुढे नागमोडी रेषा, धूसर दिसणं, डोकेदुखी असा त्रास थोड्या लोकांना होतो, मायग्रेनवाल्यांना जास्त, आणि तो बहुधा अर्ध्या तासात निवळतो. अशा वेळी तसंच पडून राहायचं. पक्षाघातासारखे प्रकार झाले आहेत, पण फार क्वचित. आधीच्या बैठकीत असा त्रास झाला असेल तर पुढच्या वेळी फेसाचं प्रमाण कमी करावं किंवा दुसरी पद्धत निवडावी.

खोल शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण कमी आहे, शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण पोटरी एकाएकी सुजली, चालताना ओढ लागून दुखायला लागली, तर "इंजेक्शनचंच असेल" म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉप्लर करावा. दम लागणं, छातीत कळ येणं हे तर थेट तातडीच्या विभागात जाण्याचं कारण. औषधाची तीव्र ॲलर्जी दुर्मीळ आहे, तरी ज्या खोलीत हे काम होतं तिथे ॲड्रेनलिन हाताशी असलंच पाहिजे.

हा उपचार कोणाला देऊ नये? औषधाची ॲलर्जी माहीत असलेल्यांना, पायात किंवा फुप्फुसात ताजी गुठळी असलेल्यांना, टोचायच्या जागी किंवा अंगात मोठा जंतुसंसर्ग असलेल्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना, आणि हृदयातल्या फटीमुळे आधीच त्रास झालेल्यांना. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना थांबावं. बाळंतपणानंतर बऱ्याच शिरा स्वतःहून लहान होतात, तेव्हा काही महिने वाट पाहण्यात फायदाच असतो. गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोन, पूर्वी झालेली गुठळी, घरात कोणाला गुठळ्यांचा त्रास, हे सगळं न विचारताही डॉक्टरांना सांगावं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या म्हणून उपचार नाकारला जातोच असं नाही, पण त्या स्वतःच्या मनाने बंद मात्र कधीच करू नयेत. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यांनीही तसं सांगावं, कारण पोलिडोकॅनॉलच्या औषधात थोडा अल्कोहोल असतो.

पहिला फेरतपास डॉप्लरसह एक-दोन आठवड्यांनी: खोल शिरा मोकळ्या आहेत ना, आणि शीर किती लांबीपर्यंत बंद झाली. दुसरा सहा ते आठ आठवड्यांनी. सोनोग्राफीच्या प्रोबने दाबल्यावर शीर दबली नाही आणि आत रक्त वाहताना दिसलं नाही, तर ती बंद आहे. दबते आहे आणि पोटरी सोडल्यावर उलटा प्रवाह आहे, तर तेवढा भाग उघडा राहिला. मग तिथे पुन्हा फेस भरतात. दुसरी बैठक लागली म्हणजे पहिली वाया गेली असं नसतं. १० मिलिलिटरच्या मर्यादेत मोठ्या पायाचं काम एका बैठकीत बसतच नाही, आणि ते बसवण्यासाठी मर्यादा ओलांडण्यापेक्षा दोन-तीन बैठका केव्हाही बऱ्या. पेशंटला हे सुरुवातीलाच सांगितलेलं असावं, पैशांच्या हिशोबासकट.

घोट्याची जखम असलेल्यांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण त्यांना वर्षानुवर्षं फक्त पट्ट्या बदलत ठेवलं जातं. जखम भरू दे, मग शिरांचं बघू, ही जुनी रीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्हरा अभ्यासात अशा ४५० पेशंटपैकी निम्म्यांची गळणारी शीर लगेच बंद केली, बाकीच्यांची नंतर. दाबपट्टी दोन्हीकडे होतीच. जखम भरायला लागलेला मध्यक काळ लगेच उपचार झालेल्यांत ५६ दिवस, उशिरा झालेल्यांत ८२ दिवस आला. जखमेच्या आसपासची कातडी तिथे लाकडासारखी कडक असते, चिरा देणं नकोसं असतं, आणि जखमेच्या तळाला पोसणाऱ्या शिरा वेड्यावाकड्या असतात. अशा जागी चांगल्या कातडीतून, जखमेपासून थोडं दूर सुई घालून, सोनोग्राफीखाली फेस जखमेखालपर्यंत नेता येतो. त्यानंतर दाबपट्टी चालूच ठेवायची, जखम पूर्ण भरेपर्यंत आणि नंतर मोज्यांच्या रूपात पुढेही. घरात कोणाची अशी जखम महिनोन्‌महिने चिघळत असेल, तर पुढच्या ड्रेसिंगच्या वेळी एवढं विचारा: उभं करून डॉप्लर झाला आहे का, आणि गळणारी शीर कोणती?